चेकिंगवाली मावशी आणि गृहमंत्री

सोलापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "शिंदेसाहेब गृहमंत्री होते तेव्हा अख्खी आयबी सोलापूरच्या हातात होती बे!" मी हसलो, पण देशाच्या आतल्या खबरा काढणारं ते गुप्तचर खातं आपल्या गावाच्या हातात, हे काही डोक्यातून जाईना. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद.

सुशीलकुमार शिंद्यांचा अभिमान मलाही आहे. इथल्या कोर्टातला शिपाई, मग फौजदार, आणि २०१२ ते २०१४ देशाचा गृहमंत्री. पण २१ फेब्रुवारी २०१३ आठव. हैदराबादला दिलसुखनगरात स्फोट झाले. आपल्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, घरटी कुणाचा ना कुणाचा सोयरा तिकडे. शेजारच्या अक्का रात्री अकरापर्यंत भावाला फोन लावत होत्या, लागत नव्हता. आणि टीव्हीवर साहेब सांगत होते की असं काही घडणार याची माहिती दोन दिवसांपूर्वीच होती, राज्यांना कळवलंही होतं. अक्कांनी एवढंच विचारलं, "कळवलं होतं, मग?"

मला आजही तो "मग?" साहेबांपेक्षा पूर्ण व्यवस्थेला विचारलेला वाटतो. खबर किती पक्की होती, कुठे अडली, हे बंद दाराआड बसून तपासायला खासदारांची वेगळी समितीच आपल्याकडे नाही. संसदेत गोंधळ झाला, निवेदन झालं, विषय संपला.

आता आमच्या कारखान्याची गोष्ट सांगतो, हसू नकोस. मागच्या वर्षी चेकिंगवाली मावशी महिनाभर गावी गेली. मालक म्हणाला, तोवर जॉबरच टॉवेल तपासेल. माग त्यानं लावलेले, पास करणाराही तोच. एक लॉट सुटलेल्या धाग्यांसकट गेला आणि तसाच्या तसा परत आला. जॉबर चोर नव्हता रे. स्वतःच्या मागाचा दोष त्याला दिसतच नव्हता.

गृहमंत्र्याचं हेच होतं. आयबीचा कागद त्याच्याकडे येतो, त्यावरच तो चालतो. मग आयबीची चूक, किंवा विरोधकांवर नजर ठेवायचा मोह, त्यानंच कसा पकडायचा? परदेशातल्या खबरा काढणाऱ्या रॉची गोष्ट त्याहून पुढची. १९६८ साली आयबीतून ती वेगळी काढली तेव्हा गृहमंत्री आपले यशवंतराव, पण नवं खातं त्यांच्याकडे नाही, पंतप्रधानांच्या हाताखाली गेलं. आणि या दोन्ही खात्यांना संसदेनं केलेला स्वतंत्र कायदा आजही नाही. काँग्रेसच्या मनीष तिवारींनी २०११ मध्ये त्यासाठी खासगी विधेयक, म्हणजे सरकारनं नाही तर एका खासदारानं मांडलेलं, आणलं होतं. तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचाच खासदार, तरी ते पुढे सरकलं नाही. खासगी विधेयक तर १९७० नंतर संसदेत एकही मंजूर झालेलं नाही, म्हणून नवल वाटत नाही.

तू म्हणशील, गुप्त गोष्टी खासदारांना सांगितल्या की चहाच्या टपरीवर पोचतील. भीती खोटी नाही, आपले पुढारी बघता तर मुळीच नाही. पण ब्रिटननं १९९४ मध्ये कायदा करून अशी समिती नेमली, आणि त्यांची गुप्तचर खाती काही बंद पडली नाहीत. अमेरिकेत १९७५ मध्ये फ्रँक चर्च नावाच्या सिनेटरनं चौकशी केली. सीआयए लोकांची पत्रं फोडत होती, एफबीआय मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मागावर होती, परदेशी नेत्यांना मारायचे बेतही निघाले. पुढच्याच वर्षी सिनेटची कायमची समिती झाली. चर्च मात्र १९८० ची निवडणूक हरला. हरायला कारणं बरीच असतील, पण हे काम मतं मिळवून देत नाही एवढं खरं. कुठला उमेदवार आयबीच्या देखरेखीवर सभा घेईल? पाण्यावर सुद्धा नीट बोलत नाहीत लेकाचे.

मावशी परत आल्यावर मालकानं तिला सांगितलं, तू आता थेट मला सांगायचं, जॉबरला विचारायचं नाही. जॉबर दोन महिने तिच्याशी बोलला नाही. ती आपली ट्यूबलाइटखाली टॉवेल पसरते, बोटं फिरवते आणि बाद माल बाजूला टाकते.

वहिनीसाठी सहा टॉवेल आणि शेंगाचटणी पाठवतोय. टॉवेल मावशीनंच पास केलेत. तरी उजेडात धरून बघ.

तुझा,
बाळ्या