प्रत्येक झटका रक्तदाबाचा नसतो

मा. संपादक,

अर्धांगवायूवरच्या आपल्या पुरवणीत रक्तदाब, साखर आणि तंबाखू या तिघांनाच आरोपी केलं आहे. माझ्या वहिनींना यातलं काहीच नव्हतं. वय 38. चहावर फुंकर घालताना, चुलीत फुंकणी मारताना त्यांचा उजवा हात पाच-दहा मिनिटं लुळा पडायचा, शब्द अडखळायचे. वर्षभर एका दवाखान्यात 'मानेचा मणका' आणि दुसऱ्यात 'टेन्शन' ऐकलं. शेवटी एमआर अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, आजाराचं नाव कळलं : मोयामोया.

यात मेंदूच्या तळाच्या मुख्य रोहिण्या अरुंद होत जातात आणि शरीर बारीक वाहिन्यांचं जाळं विणून वेळ मारून नेतं. ते जाळं फिल्मवर धुराच्या लोटासारखं दिसतं, म्हणून 1969 मध्ये सुझुकी आणि ताकाकू यांनी हे जपानी नाव दिलं. जोरात फुंकलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूतल्या वाहिन्या आणखी आकसतात. फुंकणीचं कोडं तेव्हा सुटलं!

गोळ्यांनी अरुंद रोहिणी उघडत नाही. कानापुढे बोटाला जी नाडी लागते, ती डोक्याच्या कातडीची रोहिणी कवटीतून आत नेऊन मेंदूवरच्या जेमतेम मिलिमीटरभर वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. मुलांत रोहिणी किंवा स्नायू मेंदूवर नुसता टेकवून ठेवला तरी नवे फाटे फुटतात. मोठ्यांत त्याचा तेवढा भरवसा नसतो. मूळ आजार यानं थांबत नाही, रक्ताला दुसरी वाट मिळते. याच आजारात मेंदूत रक्तस्राव झालेल्या 80 प्रौढांवरच्या जपानी चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. पुन्हा रक्तस्रावासारख्या गंभीर घटना शस्त्रक्रियेविना वर्षाला 8.2 टक्के, शस्त्रक्रिया केलेल्यांत 3.2 टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक काठावरचाच, पण आम्हाला धीर देणारा.

धोका नाही असंही नाही. शस्त्रक्रियेनंतर एकदम वाढलेल्या रक्तप्रवाहानं वहिनींची वाचा चार दिवस गेली होती. ते चार दिवस आम्ही कसे काढले, ते आम्हालाच ठाऊक.

पुढच्या पुरवणीत एवढं जरूर छापा : तरुण माणसाचा हात काही मिनिटांपुरता जरी गेला, तरी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी मागून घ्या.

वहिनी आता बऱ्या आहेत. जोड दाबला जाऊ नये म्हणून चष्म्याची डावी काडी सैल करून घेतली आहे. शरीरात पाणी कमी पडून चालत नाही, म्हणून हरतालिकेचा निर्जळी उपवासही बंद. त्यासाठी आमच्या आईची समजूत काढायला मात्र सर्जननाच फोनवर घ्यावं लागलं.

– एक वाचक, सांगली