ती. आई-बाबांस

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, "थांब, बाबांना देते," आणि बाबांनी "बरं" म्हणून ठेवून दिला असता. म्हणून पत्र. मी नोकरी सोडली आहे. पुढच्या महिन्याच्या 9 तारखेला घानाला निघते, अक्रा शहरात, दोन वर्षांसाठी. सही झाली आहे. आधी विचारायला हवं होतं, मान्य. पण बाबा नाही म्हणाले नसते, नुसते गप्प बसले असते. तुमच्या गप्प बसण्यापुढे माझं आजवर कधी काही चाललंय का?

बाबा, तुम्ही म्हणाल, पोरांची मजुरी थांबवायचंच काम करायचं तर आफ्रिका कशाला, आपली इगतपुरी काय लांब आहे? कातकऱ्यांची पोरं थोड्या पैशांवर आणि एका मेंढीवर मेंढपाळांकडे ठेवल्याची 2022 ची बातमी तुम्हीच कापून ठेवली होती. करायचं ते शेवटी इथेच करायचंय. पण शिकायला तिथे जाते. घाना आणि शेजारचा आयव्हरी कोस्ट मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात, आणि 2020 च्या पाहणीत तिथे कोकोच्या कामावर 15 लाखांहून जास्त मुलं निघाली. फळं फोडायला तिथेही कोयताच. आता काही गावांत गावातलंच एक माणूस घरोघर फिरून वही ठेवतं: कोणतं पोर कामाला जातं, कुणाचा जन्मदाखला नाही, कुणाला दप्तर हवंय. मी अशाच वह्या तपासायला चालले आहे.

आणि कारण सोन्या आहे. एवढं लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

आई, आठवतं ना, द्राक्षांच्या डिपिंगच्या दिवसांत त्याचा हात मांडवाला पुरायचा नाही, म्हणून तेलाचा डबा उलटा करून दिला होता? त्यावर उभा राहून तो एकेक घड औषधाच्या मगात बुडवायचा आणि मी बांधावर शाळेच्या रिक्षाची वाट बघत त्याचे घड मोजायचे. दुपारी घरी भांडी, रात्री तुझ्याजवळ पाढे. माझा निळा स्वेटर तू त्यालाच दिलास. 2006 च्या ऑक्टोबरात लहान मुलांना घरकामाला ठेवायला बंदी आली आणि बाबांनी आठवडाभरात त्याला पेठच्या गाडीत बसवलं, दोन महिन्यांचा पगार खिशात घालून. बाबा, तुम्ही कायद्याने वागलात. त्याच्याशी वाईट तर कधीच वागला नाहीत. पण पुढे तो वीटभट्टीवर गेला, आणि आपल्या घरात त्यावर कुणी बोललं नाही. मीही नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. बालमजुरांनी केलेल्या मालावर बंदी घालणारं विधेयक अमेरिकेत येतंय म्हटल्यावर 1993 च्या सुमारास बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलं काढून टाकली. त्यातली कितीतरी दगड फोडायला गेली. मग 1995 मध्ये कारखानदार, युनिसेफ आणि आयएलओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, एकत्र बसले आणि ठरलं, मुलाला काढायचं तर आधी शाळेत जागा हवी, घरी थोडे पैसे पोचायला हवेत. सोन्याच्या बाबतीत हेच राहून गेलं. तेव्हा ते आपल्याला सांगणार तरी कोण होतं!

सह्यांवर बाबांचा विश्वास नाही, सोसायटीचे सेक्रेटरी होते ना. बालमजुरीच्या सगळ्यात वाईट प्रकारांविरुद्धचा 1999 चा करार आयएलओच्या सगळ्या 187 देशांनी मान्य केला, आपण 2017 मध्ये, टोंगाने सगळ्यात शेवटी 2020 मध्ये. 2025 पर्यंत बालमजुरी संपवायचीही ठरली होती. 2024 मध्ये 13.8 कोटी मुलं कामावर होती. तरी 2000 मध्ये हाच आकडा 24 कोटींच्या वर होता हो, बाबा.

बरं, खाण्याची काळजी नको. तिथे भात भरपूर मिळतो, भारतीय दुकानं आहेत, तूरडाळ मिळते. पिवळ्या तापाची लस घेतली. इंग्रजी चालतं. घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे तुमच्या रात्रीच्या साडेआठला माझे दुपारचे तीन. रोज तेव्हा फोन करीन. आई, गोडा मसाला अर्धा किलोच दे, दोन किलो नाही. आणि ती जुनी गोधडी मी नेणार आहे, हसू नकोस.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळीच, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते टीव्हीवर बघायचं, गोदाकाठी जायचं नाही. सिंहस्थासाठी रस्ते खणलेत, स्कूटर बंद. रिक्षाला पैसे लागतात म्हणून कुरकुर चालणार नाही. आई, गुडघ्याच्या डॉक्टरांची तारीख फ्रिजवर चिकटवली आहे. मामी येईल सोबत, मी बोलले आहे. दोन वर्षांत दोनदा येईन, तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवलेत.

शनिवारी येते. पुरणपोळीचा घाट घालू नकोस, खिचडी-कढी कर. बाबा, द्वारका चौकात घ्यायला या. घरापर्यंत गप्प बसलात तरी चालेल, पण घरी आल्यावर तो डबा माळ्यावर असला तर काढून द्या मला.

तुमची,
मनू