कृषिमंत्र्यांना खुले पत्र: फवारणीआधी युरियाचा हिशेब विचारा

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

पराटीवर (कपाशीवर) तुडतुडे, मावा, फुलकिडे या रस शोषणाऱ्या किडी दिसल्या की गावात पहिला प्रश्न येतो, "कोणतं औषध मारू?" कृषी केंद्रात त्याचे उत्तर तयार असते. पंधरा दिवसांपूर्वी युरिया किती टाकला, हे कोणी विचारत नाही. माझे सगळे म्हणणे या प्रश्नाभोवती आहे.

मावा झाडाचा जो रस पितो, त्यात साखर भरपूर असते. पण वाढायला आणि पिल्ले द्यायला लागणारी अमिनो आम्ले फार थोडी. म्हणून तो खूप रस ओढतो आणि जास्तीची साखर बाहेर टाकतो. पानांवरचा चिकटा तो हाच, पुढे त्यावर काळी बुरशी चढते. युरियातून झाडाला गरजेपेक्षा जास्त नत्र मिळाले की रसातली अमिनो आम्ले वाढतात, पान लुसलुशीत होते आणि किडीची पुढची पिढी लवकर तयार होते. त्यात पालाश (पोटॅश) कमी पडले तर आणखी वाईट, कारण नत्राची प्रथिने करायला झाडाला पालाश लागते.

उजेडाबद्दल तर आपल्याकडे बोललेच जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ कित्येक दिवस उघडत नाही. ऊन नसले की पानात साखर कमी बनते. मग नत्र प्रथिनात बांधायला, टॅनिनसारखी किडीला नकोशी द्रव्ये बनवायला कच्चा मालच अपुरा पडतो आणि पाने पातळ राहतात. नेमक्या त्याच दिवसांत, जमिनीत ओल आहे म्हणून, आम्ही युरियाची पोती फोडतो. पराटी माजते, दोन ओळींमधली जागा भरून जाते. खालच्या पानांवर ना ऊन पडते, ना फवाऱ्याचे औषध पोचते. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर हातमोजे, मास्क, औषधांवरची बंदी यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण इतक्या फवारण्यांची गरज का पडते, यावर पुरेसे बोलले गेले नाही. एक फवारणी कमी झाली तर एका माणसाच्या अंगावरचे तेवढे विष टळते.

नत्र बंद करा, असे मी म्हणत नाही. ते कमी पडले तर झाड खुरटते, पाने लाल पडतात, बोंडे भरत नाहीत. पण 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते आणि पालाशची त्याच्या कितीतरी पट महाग, तेव्हा कोरडवाहू शेतकरी काय उचलणार? 2010 पासून स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशच्या खतांना अन्नद्रव्यानुसार ठरलेले अनुदान मिळते, युरियाचा दर मात्र सरकारने बांधलेला आहे. हे केंद्राच्या हातात आहे, मला कळते.

आपल्या हातातले मागतो. क्रॉपसॅप या राज्याच्या कीड सर्वेक्षण प्रकल्पातून किडीचा इशारा गावात येतो, त्यात औषधाच्या नावाआधी एक ओळ हवी: आभाळ उघडेपर्यंत युरियाचा हप्ता थांबवा, पुढचा विभागून द्या. सहायक कृषी अधिकाऱ्याने (पूर्वीचे कृषी सहायक) तुडतुडे मोजताना शेतकऱ्याला खताची मात्रा विचारावी आणि ती त्याच नोंदीत लिहावी. दोन-तीन हंगामांत तालुक्याचे चित्र आपल्यासमोर येईल. जमीन आरोग्य पत्रिका पेरणीआधी हातात पडावी, पीक उभे राहिल्यावर तिचा उपयोग उरत नाही. आणि युरियासोबत नको ते माल गळ्यात मारणारे लिंकिंग खरोखर बंद करा. त्या पैशात शेतकरी पालाश घेऊ शकेल.

येत्या खरिपाच्या आढावा बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक कापूस उत्पादक