रहाणेसाठी भांडण्याआधी

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. अजिंक्य रहाणेला कसोटी संघात पुन्हा घ्यायलाच हवं, असं तू दोन पानं भरून लिहिलंयस. तू डोंबिवलीकर, तेव्हा तुझा जीव त्याच्यासाठी तुटणारच. माझाही तुटतो. अ‍ॅडलेडला ३६ धावांत गुंडाळले गेल्यावर, कोहली मायदेशी परतलेला असताना, मेलबर्नला त्याने काढलेल्या ११२ धावा मी जन्मात विसरणार नाही. पण तू पुरावा म्हणून पुढे केल्यास त्या सय्यद मुश्ताक अली टी-ट्वेंटी स्पर्धेतल्या ४६९ धावा. तिथे मात्र माझं तुझ्याशी पटत नाही.

फॉर्म म्हणजे धावा नव्हेत. कोहलीचा २०२४-२५ चा ऑस्ट्रेलिया दौरा घे. नऊ डाव, १९० धावा, सरासरी २३.७५. त्यातलं पर्थचं नाबाद शतक बाजूला काढ, म्हणजे उरतात आठ डावांत ९० धावा, सरासरी सव्वाअकरा. एका खेळीने सगळं चित्र दुप्पट उजळ करून टाकलं होतं. पण खरी माहिती धावांच्या रकान्यात नाहीच. तो आठ वेळा बाद झाला आणि आठही वेळा ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूची कड लागून, यष्टिरक्षकाकडे नाहीतर स्लिपमध्ये. बोलंड, स्टार्क, हेझलवूड, गोलंदाज बदलले तरी बाद होण्याची तऱ्हा तीच. वेगवेगळ्या आठ तऱ्हांनी बाद झालेल्या माणसाला दुर्दैवी म्हणता येईल. एकाच तऱ्हेने आठदा बाद होतो त्याच्या खेळात दोष शिरलेला असतो, आणि दोष दुरुस्त झाल्याशिवाय फॉर्म परतत नाही. म्हणून मी प्रत्येकाबद्दल एकच विचारतो : याने नेमकं काय बदललं?

उतारवयात सुधारलेल्या खेळाडूंबद्दल बोलायचं तर या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर इशांत शर्माकडे आहे. २०१७ संपलं तेव्हा त्याच्या नावावर ७९ कसोटींत २२६ बळी होते, सरासरी छत्तीसच्या आसपास. आपण सगळेच त्याला ‘बिचारा’ म्हणायचो. फलंदाज सारखे चकायचे, कड काही लागायची नाही. त्याची मेख टप्प्यात होती. एवढ्या उंच माणसाने आखूड टाकलेला चेंडू यष्ट्यांवरून जातो, म्हणजे पायचीत आणि त्रिफळा दोन्ही गेले. शिवाय फलंदाज क्रीजमध्ये मागे राहून चेंडूची पूर्ण हालचाल बघू शकतो, त्यामुळे चकला तरी कड वाचते. ‘पुढे टाक’ हा सल्ला त्याला दहा वर्षं सगळेच देत होते. पण पुढे टाकायला गेलं की गोलंदाज नकळत हात सैल सोडतो, वेग पडतो आणि चेंडू अलगद बॅटीवर येतो. दोन चौकार बसले की तो पुन्हा आखूड.

२०१८ मध्ये तो इंग्लंडमधल्या ससेक्स काउंटीकडून खेळला. तिथे प्रशिक्षक ऑस्ट्रेलियाचा माजी वेगवान गोलंदाज जेसन गिलेस्पी होता. त्याने जमिनीवरचा टप्पा दाखवायचं सोडून दिलं आणि नेम फलंदाजाच्या पॅडवर, गुडघ्याजवळच्या जाड घडीवर धरायला लावला. बदल एवढासाच, पण लक्ष्य टप्प्यावरून शेवटाकडे सरकलं. हात पूर्वीच्याच जोरात फिरू लागला आणि टप्पा आपोआप पुढे गेला. जोडीला डावखुऱ्यांना अराउंड द विकेट, म्हणजे यष्ट्यांच्या पलीकडच्या बाजूने येऊन, बाहेर निघणारा चेंडू. त्या वर्षी ११ कसोटींत ४१ बळी, सरासरी २२ च्या आत. पुढच्या वर्षी ६ कसोटींत २५, सरासरी १६ च्या आत. तोवर तिशी उलटली होती. हे नशीब नव्हतं रे, बदललेली गोष्ट बोट ठेवून दाखवता येते.

आपल्या श्रीरामपूरच्या झहीरचंही तसंच. २००६ मध्ये संघाबाहेर पडल्यावर तो वूस्टरशायर काउंटीकडे गेला आणि एका मोसमात ७८ बळी घेऊन आला. त्या काळात रन-अप आखूड केला, क्रीजपाशी मारायची मोठी उडी काढून टाकली. उडी गेली की डोकं स्थिर राहतं, मनगट चेंडूच्या मागे सरळ येतं, आणि दिवसाच्या तिसऱ्या हप्त्यातही वेग टिकतो. दुसरी गोष्ट लपवाछपवीची. जुना चेंडू रिव्हर्स होताना चकाकत्या बाजूकडे वळतो, त्यामुळे धावत येणाऱ्या गोलंदाजाच्या हातात चकाकी कुठे आहे हे दिसलं की अर्धी लढाई फलंदाजाने जिंकलेली असते. झहीर दुसऱ्या हाताने चेंडू झाकून यायचा. २००७ ला ट्रेंट ब्रिजवर ९ बळी, तीन कसोटींत १८, आणि १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये मालिका आपली. मग २०११ चा विश्वचषक : २१ बळी, अंतिम सामन्यातला पहिला हप्ता पाच षटकं, तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. गंमत बघ, झहीर आणि इशांत दोघेही ३११ कसोटी बळींवरच थांबले. एकाला ९२ सामने लागले, दुसऱ्याला १०५.

फलंदाजांत रोहित. पहिल्या २७ कसोटींत सरासरी ३९.६, म्हणजे संघाबाहेर काढण्याइतकी वाईट नाही आणि जागा पक्की करण्याइतकी चांगलीही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये विशाखापट्टणमला त्याला सलामीला पाठवलं आणि १७६ व १२७ आल्या. भारतातल्या धावांवर मी तेव्हाही विश्वास ठेवला नव्हता. विश्वास बसला तो २०२१ मध्ये, इंग्लंडला ओव्हलवर. तिथल्या १२७ धावांना २५६ चेंडू लागले होते. सोडलेले चेंडू मुद्दाम मोजावेत इतके होते. हात शरीराजवळ, फटका उशिरा. तोच रोहित २०२४-२५ ला ऑस्ट्रेलियात पाच डावांत ३१ धावा करतो, कसोटी सोडतो, वजन उतरवून परत येतो आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिडनीच्या एकदिवसीय सामन्यात नाबाद १२१ करतो. वय ३८. या १२१ वरून ‘कसोटी उगाच सोडली’ म्हणणारे मला पटत नाहीत. दोन्हीकडचे प्रश्न वेगळे आहेत.

आता तुझा रहाणे. २०२१ मध्ये १३ कसोटी, सरासरी जेमतेम वीस. संघाबाहेर जाणं योग्यच होतं. २०२३ च्या आयपीएलमध्ये चेन्नईकडून ३२६ धावा, स्ट्राइक रेट १७२. इथे बदल दिसतो : पहिल्या चेंडूपासून फटका, पॉवरप्लेमध्ये क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून. पण टी-ट्वेंटीत दुसऱ्या-तिसऱ्या षटकानंतर स्लिप नसते. तिथे जी कड थर्डमॅनला चौकार होऊन जाते, तीच कसोटीत झेल होते. धावफलक सांगतो चार धावा, खेळातला दोष सांगतो बाद. मुश्ताक अलीच्या ४६९ धावांनी मी हलत नाही तो यामुळे.

तुझ्या बाजूचा खरा पुरावा तू लिहिलाच नाहीस. जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, ७१ वर ४ अशा अवस्थेत, बोटाला मार लागलेला असताना १२९ चेंडूंत ८९. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रणजीत छत्तीसगडविरुद्ध १५९, तीनशेच्या आसपास चेंडू खेळून. निवड समितीवरचा माझा राग या ठिकाणी तुझ्याइतकाच आहे. त्या ८९ नंतर त्याला वेस्ट इंडिजला उपकर्णधार केलं आणि ३ व ८ अशा दोन डावांनंतर वगळलं. उपकर्णधार करण्याइतका विश्वास होता, तर तो दोन डावांत संपतो कसा? आणि नव्हताच, तर पद कशाला दिलं?

करुण नायरचं प्रकरण याहून अवघड. विदर्भाकडून विजय हजारे एकदिवसीय स्पर्धेत ७७९ धावा, सरासरी ३८९.५०. सरासरी एवढी फुगली कारण तो दोनदाच बाद झाला. तिला भुलू नये. पण लाल चेंडूवरही, म्हणजे अनेक दिवसांच्या सामन्यांतही, रणजीत ८६३ धावा होत्या, नागपूरच्या अंतिम सामन्यात शतक होतं, इंग्लंडमधल्या कँटरबरीला भारत अ संघाकडून द्विशतक होतं. निवड रास्तच. मग २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात ०, २०, ३१, २६, ४०, १४, ५७, १७. या आकड्यांकडे नीट बघ. शून्य एकदाच. बाकी बहुतेक वेळा नवा चेंडू झेलून, डोळा बसवून तो बाद झालाय. नवख्या माणसाचं अपयश असं दिसत नाही, ते पाच-सातवर संपतं. त्यातून चार कसोटींत तीन वेगळे क्रमांक, सहा, तीन, पाच. जम बसल्यावर विकेट टाकणं हा त्याचा दोष खराच, पण सतत जागा बदलून आठ डावांवर निकाल देणं मला घाईचं वाटतं. तेहतिशी उलटल्यावर वाव मिळत नाही म्हणणाऱ्यांना वसीम जाफर आठवावा. चाळिशी ओलांडून विदर्भासाठी २०१८-१९ च्या रणजी मोसमात १०३७ धावा.

तू वही घालतोस म्हणालास म्हणून माझी पद्धत सांगतो. त्या-त्या प्रकारातले शेवटचे १५ डाव घे. टी-ट्वेंटी आणि कसोटी एका पानावर आणू नकोस. रकाने चार. किती चेंडू खेळला. कसा बाद झाला, पुढे येऊन की मागे राहून, कोणत्या बाजूची कड. तेव्हा चेंडू किती षटकं जुना होता. आणि चौथा, त्या सामन्यातल्या एकूण धावा भागिले पडलेले एकूण गडी. हा आकडा २२ असेल तर ३५ धावांची खेळी सोन्याची, ५० असेल तर शतकही साधं. सुटलेले झेल धावफलकात येत नाहीत, ते स्वतः टिपावे लागतात. बहुतेकांची वही इथेच फसते. ३० चेंडूंच्या आत किती वेळा बाद झाला ते वेगळं मोज. पंधरात सात-आठ वेळा असेल तर नव्या चेंडूचा त्रास आहे. करुणसारखं चाळीस चेंडूंनंतर असेल तर रोग दुसरा.

मुंबईच्या पुढच्या रणजी सामन्याला जाशील तेव्हा दुर्बीण ने. साइटस्क्रीनच्या जवळ बस, बाजूने लाइन कळत नाही. रहाणेचे पहिले ३० चेंडू बघ. पुढचा पाय ऑफ स्टंपच्या रेषेत पडतोय की आडवा, आणि चौथ्या-पाचव्या स्टंपवरचे, म्हणजे ऑफ स्टंपच्या जरा बाहेरचे, किती चेंडू तो सोडतोय, एवढंच लिही. दोन-तीन सामन्यांची पानं जमली की पाठव.

वहिनींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद.

तुझा,
नंदू