काँक्रीटच्या वास्तूंवर गिलावा थापू नका: आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका

महोदय,

वारसा म्हटले की कोल्हापुरात टाऊन हॉल, नवा राजवाडा आठवतो. 1950 नंतरचे आरसीसी, म्हणजे सळई घातलेले काँक्रीट, कुणाच्या गणतीत नसते. मुंबईत दादरचे साल्व्हेशन चर्च त्याच जातीचे. फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मगुरूंनी 1596 मध्ये स्थापलेले, लोकांच्या तोंडी 'पोर्तुगीज चर्च'. पण आजची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, 1970च्या दशकातली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकभाषेत होऊ लागली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. लांबट, अरुंद सभागृह त्याला पुरेना. कोरियांनी बंदिस्त जागा आणि उघडी अंगणे एकमेकांत गुंफली, वर काँक्रीटचे शेल, म्हणजे पातळ कवचासारखे छत, चढवले. शेलच्या माथ्यातून उजेड आत येतो, गरम हवा बाहेर जाते. इथे छत म्हणजेच वास्तुकला.

अशी इमारत गळू लागली की ठेकेदार पहिल्यांदा वर विटांचा कोबा (गळती रोखायला विटांच्या तुकड्यांचा जाड थर) घालतो. 100 मिमी कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण 200 किलो. पातळ शेलला हे ओझे कशासाठी? मग खालून सिमेंटचा गिलावा. खरे दुखणे सळईत असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटचा अल्कधर्म कमी करतो (हेच कार्बोनेशन), सळईचे संरक्षण जाते, गंज फुगतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडतो. वरून थापलेला गिलावा काही पावसाळ्यांत पोपड्यासकट खाली येतो.

तपासणी महाग नाही. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फथॅलिन हे रंग बदलणारे रसायन शिंपडा: गुलाबी झाले तर काँक्रीट शाबूत, रंग आला नाही तर कार्बोनेशन तिथवर पोचले. मग सळईच्या मागेही 20 मिमीपर्यंत फोडायचे, गंज पूर्ण काढायचा, सळईला झिंक प्रायमर लावून पॉलिमर मिसळलेले सिमेंटचे मॉर्टर भरायचे आणि क्युरिंग करायचे, म्हणजे ते ओले ठेवायचे. शेवटचीच पायरी बहुतेक वेळा गाळली जाते. उघड्या काँक्रीटवर रंगही नको. नवे मॉर्टर जुन्या पोताशी जुळते का, हे आधी नमुना पट्टा करून पाहावे.

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265अ नुसार 30 वर्षांपुढच्या इमारतींची संरचना तपासणी होते. शहरातल्या चर्च, शाळा, नाट्यगृहांच्या तपासणीत कार्बोनेशन आणि कव्हरची मोजणी सक्तीची करा. दुरुस्तीच्या निविदेत शेल वा पातळ स्लॅबवर कोब्याला मनाई लिहा. आणि वारसा यादीत 1950 नंतरच्या काँक्रीट इमारतींसाठी वेगळा वर्ग ठेवा.

आपले,
कोल्हापुरातील काही वास्तुविशारद व संरचना अभियंते