मुरूम, मळ आणि मेडिकलमधली ट्यूब

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावीच्या वर्गाला शिकवताना मधल्या सुटीत नळावर साबणाने खसाखसा चेहरा घासणाऱ्या मुली दरवर्षी दिसतात, कारण ‘तोंड नीट धूत नाहीस’ हेच त्यांनी घरी ऐकलेले असते. वास्तविक मुरूम अस्वच्छतेमुळे होत नाहीत. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल स्रवतात, रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसते, आत साचलेल्या तेलात त्वचेवर एरवीही असणारे जिवाणू वाढतात आणि मग सूज व पू येतो. ब्लॅकहेडचे काळे टोकसुद्धा मळाचे नसते; उघड्या छिद्रातील मेलॅनिनचा (त्वचेतील रंगद्रव्याचा) हवेशी संबंध येऊन तो रंग येतो. घासण्याने तो जात नाही, दाह मात्र वाढतो.

कपाळावर ओघळणारे केसांचे तेल, मुरूम फोडण्याची सवय, लिंबू आणि टूथपेस्ट (हा उपाय कोणी शोधला कोण जाणे!) यांनी त्रास चिघळतो. घरोघरी दोष तळकट पदार्थांना दिला जातो. पुरावा मात्र साखर-मैद्यासारख्या, रक्तातील साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पदार्थांविरुद्ध अधिक आहे. पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केसही येत असतील, तर पीसीओएसची (संप्रेरकांच्या असंतुलनाशी निगडित अंडाशयाच्या विकाराची) तपासणी करून घ्यावी.

तथापि सर्वांत घातक आहे ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइडयुक्त ट्यूब. ती लावल्यावर काही दिवस लाली ओसरते, चेहरा उजळ दिसतो आणि मैत्रिणी नाव विचारू लागतात. पुढे त्वचा पातळ होऊन बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, एकसारख्या लाल पुटकुळ्या उठतात आणि ट्यूब बंद करताच त्रास उसळतो, म्हणून मुलगी पुन्हा तीच लावते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, आणली. तरीही काउंटरवर चिठ्ठी क्वचितच मागितली जाते.

अन्न व औषध प्रशासनाने शाळा-महाविद्यालयांच्या परिसरातील दुकानांची या दृष्टीने तपासणी करावी. पालकांनी घरातील ट्यूबच्या खोक्यावर लाल रेघ (चिठ्ठीवरच द्यायच्या औषधाची खूण) किंवा बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी एखाद्या स्टेरॉइडचे नाव आहे का ते पाहावे, आणि ती बरेच दिवस लावली जात असल्यास एकाएकी बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी.

– एक शिक्षिका, सांगली