मधले मालक कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारी मांडल्या होत्या, तेव्हा एका उघड्या टपाच्या बेंटली मार्क सिक्ससमोर मी अर्धा तास उभा होतो. उजव्या दाराला खेटून गिअरचा दांडा, पायाशी ते खास पेडल; एकदा दाबले की चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, सांध्यांना तेल पोचते. माझे वडील रावपुऱ्यातल्या गॅरेजात अशा टपांची शिलाई करत. ओले कापड घडी घालून ठेवले की त्याला बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात ते कुणाला टप उतरवू देत नसत, मग मालक कितीही मोठा असो.

मार्क सिक्स १९४६ ते १९५२ या काळात इंग्लंडात क्रू इथे बनली. कारखान्याच्याच पोलादी बॉडीसह मिळणारी ही पहिली बेंटली. उघड्या टपाची हवी तर बॉडी पार्क वॉर्डसारख्या कारागिरांची.

प्रदर्शनात गाडीपुढे लावलेल्या पाटीवर मात्र एवढेच: ‘राजघराण्याची गाडी’. अहो, १९७१ मध्ये संस्थानिकांचे सरकारी तनखे बंद झाले, त्यानंतर ती सांभाळली कुणी? वडिलांच्या वहीत अशाच एका गाडीचे चार मालक आहेत. तिसरा कापडवाला. वरातीला भाड्याने देई, पण इंजिन त्यानेच उतरवून नीट करून घेतले.

२०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मग पुढच्या वेळी पाटीवर चासी नंबर आणि सगळे मालक का नसावेत? वही दाखवायला मी तयार आहे. पाने सुटलीत, जपून उलटावी लागतील.

– एक निवृत्त मेकॅनिक, दांडिया बाजार, बडोदे